मरळीच्या अन्नमार्गातील ऊती आणि श्लेष्म : बादलीपासून स्लाइडपर्यंत

हिडकलच्या जलाशयात, कृष्णेच्या डोहांत आणि दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या पाणथळीत सापडणारी मरळ आमच्या भागातल्या बाजारात बहुधा जिवंतच विकली जाते. कल्ल्यांच्या वर असलेल्या पोकळीत हवा घेऊन श्वास करता येत असल्यामुळे ती चार बोटे पाण्याच्या बादलीतही तासन्‌तास तग धरते आणि मधूनमधून तोंड वर काढून हवेचा घोट घेऊन परत तळाशी जाते. माशाच्या अन्नमार्गाचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करू पाहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला याहून सोयीचा मासा आमच्याकडे मिळणार नाही. मासा मेला की त्याच्या पोटातले पाचकरस त्याचेच आतडे पचवू लागतात. शिकारी माशात ही क्रिया विशेष वेगाने होते, आणि बर्फात ठेवलेल्या कालच्या माशातून चांगली स्लाइड कधीही निघत नाही.

दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे बेळगाव, निपाणी किंवा चिकोडीच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र इंग्रजीतून शिकणारी, आणि प्रयोगशाळेत शेजारच्या मैत्रिणीशी कन्नडमधून बोलणारी मुले-मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना पाठ्यपुस्तकातील आकृती पाठ असते. मात्र हातातल्या काचेवर ती आकृती का उमटत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. यातील प्रत्येक पायरी श्लेष्म जपण्याच्या दृष्टीने लिहिली आहे. मासेविक्रेता ज्याला बुळबुळ म्हणून पाण्याने धुऊन टाकतो, तेच आपल्याला पाहायचे आहे.

मासा आणि परवानगी

महाविद्यालयांतील प्राणिविच्छेदनावर विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्बंध घातलेले आहेत, त्यामुळे केवळ सरावासाठी मासा मारू नये. संशोधन प्रकल्प असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्यावी आणि माशाला योग्य रीतीने भूल द्यावी. सरावासाठी सर्वांत सरळ मार्ग असा की, गिऱ्हाइकासाठी मासा कापला जात असताना विक्रेत्याजवळ उभे राहावे आणि तो फेकून देणार असलेला कोथळा मागून घ्यावा. एकदा ओळख झाली की हे लोक स्वतःहून हाक मारतात. मासा कोणत्या पाण्यातला आहे, त्याची लांबी किती, महिना कोणता आणि जठरात काय सापडले, एवढे जागेवरच वहीत टिपून घ्यावे. माझ्या अनुभवात मरळीच्या जठरात अर्धवट पचलेली चिलापी किंवा लहान बेडूक पुष्कळदा सापडतो. ही नोंद किरकोळ समजू नये, कारण उपाशी आणि भरल्या पोटाच्या माशांत श्लेष्म स्रवण्याचे प्रमाण सारखे नसते.

चाकूपासून फॉर्मॅलिनपर्यंतची पाच मिनिटे

माझ्या पहिल्या वर्षी मी हिडकलहून एक उत्तम मरळ घेतली, तिचा कोथळा प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवला आणि हुक्केरीवरून एसटीने बेळगावला आणला. प्रयोगशाळेत पोचल्यावर आतडे नळाखाली स्वच्छ धुतले, आणि मगच फॉर्मॅलिनमध्ये टाकले. आठवड्याने स्लाइड तयार झाली तेव्हा अभिस्तराचे, म्हणजे आतल्या पृष्ठभागावरील पेशींच्या थराचे, तुकडे पोकळीत तरंगताना दिसले, श्लेष्म स्रवणाऱ्या पेल्यासारख्या चषकपेशींच्या जागी रिकामी भोके होती आणि श्लेष्म दाखवणाऱ्या आल्शियन ब्ल्यूचा निळा रंग कुठेही धरलेला नव्हता. रंग बिघडला असे समजून मी दोन वेळा नवा रंग तयार केला. खरी चूक एसटीत आणि नळाखाली झाली होती, हे कळायला मला महिना लागला.

म्हणून फॉर्मॅलिनची बाटली बाजारात सोबत घेऊन जावी. दहा टक्के तटस्थ फॉर्मॅलिन असे तयार करतात : बाजारात मिळणारे तीव्र फॉर्मॅलिन 100 मिलिलिटर, ऊर्ध्वपातित पाणी 900 मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट 4 ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 6.5 ग्रॅम. ऊतीच्या आकारमानाच्या किमान दहापट, शक्य झाल्यास वीसपट द्रव असावा. हा द्रव ऊतीत साधारण तासाला एक मिलिमीटर या गतीने शिरतो, त्यामुळे तुकडे तीन ते पाच मिलिमीटरपेक्षा जाड ठेवू नयेत.

कोथळा हातात आला की अन्ननलिका, जठर, जठराच्या टोकाशी असलेल्या दोन आंधळ्या नळ्या म्हणजे पायलोरिक सीका, आतड्याचा पुढचा, मधला व मागचा भाग आणि गुदाशय असे तुकडे ओळीने कापावेत आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या, पेन्सिलीने लिहिलेल्या कागदी चिठ्ठीसह बाटलीत टाकावा. शाईची चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसली जाते. आतड्यातील अन्न काढायचेच असेल तर ड्रॉपरने थंड सलाइनची एक-दोन पिचकारी हलक्या हाताने मारावी. नळाची धार लावू नये, आतून बोट किंवा चिमटा फिरवू नये आणि आतडे पिळू तर मुळीच नये. जठर मात्र उभे कापून उघडावे आणि पसरून जाड कागदावर चिकटवून मगच द्रवात सोडावे, नाहीतर ते आकसून त्याच्या घड्या एकमेकींत गुंततात.

तटस्थ फॉर्मॅलिन नवख्याला सर्व दृष्टींनी बरे, तरी एक गोष्ट माहीत असावी. पेशींच्या आतले श्लेष्म त्यात टिकते, परंतु अभिस्तरावर पसरलेला श्लेष्माचा सैल थर पाण्यावर आधारलेल्या द्रवात बराचसा निघून जातो. तोही थर जपायचा असेल तर एक जादा तुकडा कार्नॉयच्या द्रवात टाकावा. यात शुद्ध अल्कोहोल 60, क्लोरोफॉर्म 30 आणि ग्लेशियल अॅसेटिक आम्ल 10 भाग असते. लहान तुकडा एक ते तीन तासांत तयार होतो आणि तेथून थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये नेता येतो. कार्नॉयमध्ये तांबड्या रक्तपेशी फुटतात, तेव्हा रक्तवाहिन्या रिकाम्या दिसल्या तर घाबरू नये. बुआँचा द्रवही पुष्कळ जण वापरतात; परंतु त्यातले पिक्रिक आम्ल वाळले की स्फोटक होते, म्हणून देखरेखीशिवाय काम करणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

मेणाचा ठोकळा आणि काप

फॉर्मॅलिनमध्ये 24 तास झाल्यावर तुकडे वाहत्या पाण्यात धुवावेत. त्यानंतर 70, 80, 90 आणि 100 टक्के अल्कोहोल, मग झायलीन आणि शेवटी 58 ते 60 अंश सेल्सियसला वितळणारे पॅराफिन हा क्रम सर्वत्र सारखाच असतो, त्यामुळे त्यावर येथे रेंगाळत नाही. झायलीनमध्ये तुकडा अर्धपारदर्शक झाला की बाहेर काढावा. रात्रभर ठेवल्यास जठराचा जाड स्नायुस्तर ठिसूळ होऊन ब्लेडखाली भुगा होतो. ठोकळा ओततानाची दिशा महत्त्वाची आहे. नळीचा आडवा काप हवा असेल तर नळी उभी रोवावी लागते, आणि हे काम मेण अजून पातळ असताना गरम चिमट्याने करावे लागते.

कापाची जाडी पाच मायक्रोमीटर ठेवावी. बेळगावच्या हवेत वर्षाचे बहुतेक महिने काप नीट येतात. अथणी, रायबागकडे एप्रिल-मे महिन्यांत मात्र मेण मऊ पडते, पट्टी ब्लेडला चिकटते, आणि दर चार-पाच कापांनंतर ठोकळ्यावर बर्फाचा खडा धरावा लागतो. पट्टी 45 अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यावर सोडून सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलावी. एकाच ठोकळ्याच्या लागोपाठच्या किमान सहा काचा कराव्यात, कारण पुढे त्याच जागेवर वेगवेगळे रंग लावून तुलना करायची आहे.

आधी साधा रंग : रचना ओळखणे

पहिली काच हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवावी. केंद्रके निळी-जांभळी, बाकी सारे गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन निळे करण्यासाठी नळाचे पाणी किंचित अल्कधर्मी असावे लागते. आमच्याकडील बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात हे काम दोन-तीन मिनिटांत होते.

सूक्ष्मदर्शकाखाली बाहेरून आत येत राहावे. सर्वांत बाहेर सिरोसाचा पातळ पदर, त्याच्या आत स्नायूंचे दोन थर, बाहेरचा उभा व आतला वर्तुळाकार, मग सैल संयोजी ऊतीचा सबम्युकोसा आणि सर्वांत आत घड्या पडलेली श्लेष्मकला. सस्तन प्राण्यांच्या आकृत्या डोक्यात घेऊन बसलेला विद्यार्थी येथे गोंधळतो. माशाच्या आतड्यात लिबरकुनच्या ग्रंथी नसतात, ब्रुनरच्या ग्रंथी नसतात, आणि पुष्कळ माशांत श्लेष्मकला व सबम्युकोसा यांना वेगळे करणारा स्नायूचा पातळ पडदाही स्पष्ट दिसत नाही. जे नाही ते शोधत बसू नये.

अन्ननलिका आखूड, जाड भिंतीची आणि उभ्या खोल घड्यांची असते. तिचा अभिस्तर अनेक थरांचा असून त्यात श्लेष्मपेशी इतक्या दाटीने बसलेल्या असतात की साध्या रंगात तो भाग मधाच्या पोळ्यासारखा पांढुरका दिसतो. माशांना लाळग्रंथी नसतात. खवले आणि काटे यांसह अख्खा मासा गिळणाऱ्या मरळीला घसरगुंडी हवीच, आणि ती अन्ननलिकेच्या या पेशी पुरवतात. भिंतीतील स्नायू पट्टेदार असतो, त्यामुळे गिळणे जोरदार होते.

जठरात चित्र एकदम पालटते. येथे चषकपेशी नसतात. पृष्ठभागावर उंच स्तंभाकार पेशींची एकच ओळ असते आणि तिच्या खाली जठरग्रंथींच्या नळ्या दाटीने रचलेल्या असतात. या ग्रंथींतील पेशी इओसिनने गडद गुलाबी होतात. सस्तन प्राण्यांत आम्ल एक पेशी करते आणि पेप्सिनोजन, म्हणजे पेप्सिन या पाचक विकराचे कच्चे रूप, दुसरी. माशांत ही दोन्ही कामे एकच पेशी करते, म्हणून तेथे दोन प्रकारच्या पेशी शोधण्याचा खटाटोप करू नये. जठराच्या शेवटच्या भागात ग्रंथी सहसा संपतात आणि स्नायुस्तर जाड होतो. रोहू-कटल्यासारख्या माशांना जठरच नसते आणि रोहूचे आतडे शरीराच्या कित्येक पट लांब असते. मरळीचे जठर पिशवीसारखे मोठे आणि आतडे शरीराच्या लांबीपेक्षाही आखूड असते. दोन्ही कोथळे शेजारी ठेवून एकदा पाहावेत, मग शाकाहारी आणि मांसाहारी अन्नमार्गातला फरक पुस्तकातून पाठ करावा लागत नाही.

आतड्यात स्तंभाकार शोषक पेशी आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या चषकपेशी दिसतात. शोषक पेशींच्या वरच्या कडेला ब्रशसारखी बारीक किनार असते. पुढच्या भागातील घड्या उंच व फांद्याळ असतात, मागे जाता जाता त्या ठेंगण्या होतात, आणि चषकपेशींची संख्या साधारणपणे गुदाशयाकडे वाढत जाते.

आता श्लेष्माचे रंग

श्लेष्म म्हणजे मुख्यतः प्रथिनाच्या कण्याला शर्करेच्या साखळ्या जोडलेले मोठे रेणू. या साखळ्यांच्या टोकांना काय आहे त्यावर त्यांचे तीन गट पडतात : आम्लगट नसलेले तटस्थ श्लेष्म, मुख्यतः सायलिक आम्लामुळे कार्बोक्सिल गट असलेले आम्लधर्मी श्लेष्म, आणि सल्फेट गट असलेले आम्लधर्मी श्लेष्म. पुढचे सगळे रंगकाम या तीन गटांना एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी आहे.

तटस्थ श्लेष्मासाठी पीएएस (परआयोडिक आम्ल-शिफ) ही पद्धत मॅकमॅनसने 1946 मध्ये मांडली. परआयोडिक आम्ल शर्करेतील लगतच्या दोन हायड्रॉक्सिल गटांमधला बंध तोडून अल्डिहाइड तयार करते, आणि शिफचे रंगहीन द्रावण त्या अल्डिहाइडला भेटले की किरमिजी होते. आल्शियन ब्ल्यू हा धनभारित रंग श्लेष्मासाठी 1950 मध्ये स्टीडमनने वापरात आणला. पीएच 2.5 ला कार्बोक्सिल आणि सल्फेट हे दोन्ही गट ऋणभारित राहतात, म्हणून दोन्ही निळे होतात. पीएच 1.0 ला कार्बोक्सिल गट आपला भार गमावतो आणि फक्त सल्फेटयुक्त श्लेष्म निळे उरते. एवढा एक मुद्दा नीट समजला तर पुढे काहीही पाठ करावे लागत नाही.

पीएच 2.5 साठी एक ग्रॅम आल्शियन ब्ल्यू 100 मिलिलिटर तीन टक्के अॅसेटिक आम्लात विरघळवावा, पीएच 1.0 साठी तेवढाच रंग 100 मिलिलिटर 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात. दोन्ही गाळून घ्यावेत आणि पीएच मोजून बाटलीवर तारीख लिहावी. काच 30 मिनिटे रंगात ठेवावी. पीएच 1.0 ची काच नंतर पाण्यात धुवू नये. पाणी लागताच पीएच वाढतो आणि जे रंगायला नको तेही निळे होते. टिपकागदाने हलकेच टिपून ती थेट शुद्ध अल्कोहोलमध्ये न्यावी. नवखे विद्यार्थी इतर कोणत्याही पायरीपेक्षा येथे जास्त वेळा चुकतात, कारण धुणे ही हाताची सवय झालेली असते.

आल्शियन ब्ल्यू आणि पीएएस हे दोन्ही रंग एकाच काचेवर लावण्याची पद्धत मोरीने 1956 मध्ये प्रसिद्ध केली, आणि नवख्याने सर्वाधिक सराव तिचाच करावा. मेण काढून काच पाण्यापर्यंत आणावी, तीन टक्के अॅसेटिक आम्लात तीन मिनिटे, पीएच 2.5 च्या आल्शियन ब्ल्यूमध्ये 30 मिनिटे, वाहत्या पाण्यात धुणे, एक टक्का परआयोडिक आम्लात 10 मिनिटे, ऊर्ध्वपातित पाण्यात खळबळणे, शिफच्या द्रावणात 15 मिनिटे आणि पुन्हा वाहत्या पाण्यात 10 मिनिटे. या शेवटच्या धुण्यातच किरमिजी रंग डोळ्यांदेखत चढतो, म्हणून ते आटोपते घेऊ नये. हिमॅटॉक्सिलिन अगदी फिके, मिनिटभरापेक्षा कमी द्यावे, नाहीतर केंद्रकांचा निळा आणि आल्शियनचा निळा यांची गल्लत होते. आल्शियन ब्ल्यू नेहमी आधी. तो आम्लधर्मी गट व्यापून ठेवतो, त्यामुळे नंतरच्या शिफला तेथे फारशी जागा उरत नाही.

शिफचे द्रावण जुने झाले आहे की काय ते पाहण्यासाठी थोड्याशा फॉर्मॅलिनमध्ये त्याचे दोन-तीन थेंब टाकावेत. लगेच लालसर-जांभळे झाले तर ते चांगले आहे. उशिराने गडद निळसर झाले तर ओतून द्यावे. बाटली काळ्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी.

तुलनेसाठीच्या काचा टाळू नयेत. पीएएस पेशींत साठलेल्या ग्लायकोजनलाही किरमिजी करते, म्हणून एका काचेला आधी 37 अंशांवर तासभर डायस्टेज हे ग्लायकोजन तोडणारे विकर द्यावे. ते न मिळाल्यास स्वच्छ भांड्यात घेतलेली माणसाची लाळही तेच काम करते, कारण तिच्यातील अमायलेज ग्लायकोजन तोडते. त्यानंतरही टिकून राहिलेला किरमिजी रंग श्लेष्माचा. दुसऱ्या एका काचेला परआयोडिक आम्ल न देता थेट शिफ लावावे. ती रंगहीनच राहिली पाहिजे. आणि रंग काम करतो आहे याची खात्री हवी असेल तर खाटकाकडून ताजी वजडी आणून बकऱ्याच्या मोठ्या आतड्याचा तुकडा सोबत चालवावा. त्यात चषकपेशी भरपूर असतात. वजडी निळी झाली आणि मासा झाला नाही, तर दोष रंगाचा नसून माशाच्या तुकड्याचा आहे.

दिसते ते कसे वाचावे

मोरीच्या पद्धतीने रंगवलेल्या काचेवर निळे म्हणजे आम्लधर्मी, किरमिजी म्हणजे तटस्थ आणि जांभळे म्हणजे दोन्हींचे मिश्रण. अन्ननलिकेच्या एकाच घडीवर शेजारी शेजारी तिन्ही रंगांच्या पेशी दिसू शकतात. जठराच्या पृष्ठभागावरील पेशींचा वरचा अर्धा भाग सहसा स्वच्छ किरमिजी पट्ट्यासारखा दिसतो आणि निळा जवळजवळ नसतो. हे तटस्थ श्लेष्म जठराच्या भिंतीचे तिच्याच आम्लापासून व पेप्सिनपासून रक्षण करते. आतड्यात ब्रशची किनार किरमिजी रेघेसारखी उठून दिसते आणि चषकपेशी निळ्या-जांभळ्या मण्यांसारख्या. मागच्या भागात पीएच 1.0 च्या काचेवरही निळ्या पेशी दिसल्या तर तेथे सल्फेटयुक्त श्लेष्म आहे. ते जिवाणूंच्या विकरांना सहज दाद देत नाही, शिवाय विष्ठा पुढे सरकायला वंगण पुरवते.

चषकपेशी मोजायच्या असतील तर आधी स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे ठरावीक अंतराच्या खुणा कोरलेल्या काचेने, नेत्रिकेतील पट्टी तपासून घ्यावी, मग अभिस्तराच्या ठरावीक लांबीत, उदाहरणार्थ दर 100 मायक्रोमीटरला, किती पेशी आहेत ते मोजावे. "एका दृश्यक्षेत्रात अमुक" ही मोजणी घड्यांच्या दाटीवर अवलंबून असल्यामुळे फसवी असते. किमान तीन मासे, प्रत्येक भागाच्या दहा जागा, आणि काच कोणत्या माशाची आहे हे मोजणाऱ्यापासून झाकलेले असावे. मरळीच्या आतड्यात पॅलिसेंटिससारखे काटेरी सोंडेचे कृमी बऱ्याचदा सापडतात. कृमी चिकटलेल्या जागी चषकपेशी वाढलेल्या असू शकतात, तेव्हा असे तुकडे निरोगी आतड्याच्या मोजणीत धरू नयेत. मात्र ते फेकूनही देऊ नयेत. वेगळ्या बाटलीत, वेगळ्या नोंदीसह ठेवावेत.

काचा डीपीएक्स या पारदर्शक चिकट द्रवात बसवून आठवडाभर आडव्या वाळवाव्यात. माशाचा क्रमांक, अन्नमार्गाचा भाग आणि रंगाची पद्धत काचेवर हिरकणीच्या पेन्सिलीने कोरावी. शिफचा किरमिजी रंग उजेडात हळूहळू उतरतो, म्हणून पेटी कपाटात अंधारात ठेवावी आणि छायाचित्रे पहिल्या महिन्यातच काढून घ्यावीत.